समितीचा अहवाल आणि सभागृहाची मान्यता

समितीने अहवाल दिला आणि सरकारने तो स्वीकारला, अशा अर्थाची वाक्ये वृत्तपत्रांत आपण नित्य वाचतो. त्यातील ‘स्वीकारला’ या शब्दाचा अर्थ मात्र दर वेळी एकच असतो असे नाही. समितीच्या अध्यक्षांनी अहवालाची बांधीव प्रत मंत्रिमहोदयांच्या हाती ठेवली आणि छायाचित्र निघाले, हाही स्वीकारच म्हटला जातो. आणि सभागृहाने चर्चा व मतदान करून त्या अहवालातील शिफारशींना आपल्या निर्णयाचे रूप दिले, हाही स्वीकारच होय. पहिल्या प्रकारच्या स्वीकाराला टपाल पोचल्याच्या पावतीहून अधिक अर्थ नसतो. दुसऱ्या प्रकारच्या स्वीकाराने कायदा बदलतो, क्वचित एखाद्या राज्याची सीमा बदलते, क्वचित लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला आपले आसन सोडावे लागते. या दुसऱ्या क्रियेसाठी इंग्रजीत जे क्रियापद योजतात तेच मूल दत्तक घेण्यासाठीही योजतात, आणि ही कल्पना मराठी वाचकालाही उपयोगी पडण्यासारखी आहे. अहवाल हे समितीचे अपत्य असते. सभागृहाने ते विधिपूर्वक दत्तक घेतल्यावाचून त्याला सभागृहाचे नाव लागत नाही. अर्थाचा हा घोटाळा टाळण्यासाठी पुढील विवेचनात ‘दाखल होणे’, ‘विचारात घेणे’ आणि ‘मान्य करणे’ असे तीन निराळे शब्दप्रयोग योजले आहेत. त्या तीन पायऱ्या परस्परांपासून वेगळ्या आहेत हे ध्यानात ठेवले म्हणजे या विषयातील निम्म्या शंका उरत नाहीत.

सभागृह समित्या नेमते याचे कारण उघड आहे. पाचशेहून अधिक सदस्यांच्या लोकसभेला एखाद्या विधेयकातील प्रत्येक शब्द पारखणे, साक्षीदार तपासणे किंवा हिशेबाच्या वह्या चाळणे शक्य नसते. ते काम पंधरा, वीस किंवा तीस सदस्य एका दालनात बसून करू शकतात. पण काम सोपविले म्हणून अधिकारही सोपविला असे होत नाही. समिती सभागृहाच्या वतीने शोध घेते, विचार करते, शिफारस करते, निर्णय सभागृहाचा. यामुळे अहवालाचा मसुदा प्रथम समितीतच तावून सुलाखून घ्यावा लागतो. सामान्यतः समितीच्या अध्यक्षांच्या देखरेखीखाली सचिवालय मसुदा तयार करते, सदस्यांना तो अगोदर पाठविला जातो आणि मग परिच्छेदागणिक वाचन होते. या टप्प्यावर कोणीही सदस्य शब्द बदलावा, वाक्य गाळावे, शिफारस उलटवावी अशी सूचना आणू शकतो. लोकसभेच्या समित्यांत गणपूर्तीसाठी एक तृतीयांश सदस्य उपस्थित असावे लागतात. निर्णय उपस्थितांच्या बहुमताने होतो आणि मते समसमान पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत असते. अहवालाचा मजकूर खऱ्या अर्थाने बदलण्याची हीच वेळ. एकदा समितीने तो संमत करून सभागृहाकडे धाडला की तो मजकूर समितीचे निवेदन म्हणून कायम होतो.

ज्यांचे मत समितीत हरले त्यांनी काय करावे? विधेयकांवरील प्रवर समित्यांत आणि संयुक्त समित्यांत अशा सदस्यांना भिन्नमतपत्रिका जोडता येते. खातेनिहाय स्थायी समित्यांतही तशी मुभा आहे. याउलट लोकलेखा समिती आणि अंदाज समिती यांच्या अहवालांना भिन्नमतपत्रिका जोडण्याची प्रथा नाही. तेथे पक्षभेद बाजूला ठेवून एकमुखाने बोलावे अशी अपेक्षा असते. भिन्नमतपत्रिका ही केवळ समाधानासाठी दिलेली सवलत आहे असा समज आढळतो, तो बरोबर नाही. अहवाल सभागृहात आल्यावर ज्या दुरुस्त्या मांडल्या जातात त्यांची बीजे पुष्कळदा याच पत्रिकांत असतात, आणि ज्या सदस्याला समितीच्या कामकाजाची काहीही माहिती नाही त्याला वाद नेमका कोठे होता हे त्यातूनच कळते.

येथे म्हैसूर संस्थानचा दाखला घेण्यासारखा आहे. दिवाण रंगाचार्लू यांच्या कारकिर्दीत १८८१ साली म्हैसूरमध्ये प्रजाप्रतिनिधी सभा सुरू झाली. दसऱ्याच्या सुमारास तालुक्यातालुक्यांतून आलेले जमीनदार व व्यापारी तेथे जमत, दिवाणांचे निवेदन ऐकत, आपापल्या भागांची गाऱ्हाणी मांडत. हिंदुस्थानातील संस्थानांत अशी सभा ही मोठीच गोष्ट होती. परंतु त्या आरंभीच्या सभेला मतदानाने निर्णय करण्याचा अधिकार नव्हता. १९०७ साली दिवाण व्ही. पी. माधवराव यांच्या वेळी विधिपरिषद स्थापन झाली (हे माधवराव कुंभकोणचे, तंजावरकडील मराठी घराण्यातले), आणि पुढे ब्रजेन्द्रनाथ सील यांच्या समितीच्या शिफारशींना अनुसरून १९२३ साली प्रजाप्रतिनिधी सभेला कायद्याचे अधिष्ठान लाभले. या इतिहासात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ज्या सभेला निर्णयाचा अधिकार नाही तिच्यापुढे अहवाल फक्त दाखल होऊ शकतो. तो बदलून मान्य करण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, कारण मान्यता देणारा अन्य कोणी असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समितीचा अहवाल सभागृहाला दुरुस्त करता येतो काय? या प्रश्नाला सरळ उत्तर असे की, समिती जे बोलली ते सभागृहाला बदलता येत नाही. सभागृह स्वतः काय बोलणार एवढेच त्याला ठरविता येते. समितीने ‘आम्हांस अमुक आढळले’ असे लिहिले असेल तर ‘तुम्हांस तमुक आढळले’ असे तिच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून सभागृहापुढे अहवाल एकटा येत नाही, त्याच्यासोबत एक प्रस्ताव येतो, आणि दुरुस्ती होते ती त्या प्रस्तावाची. ‘हे सभागृह समितीच्या अहवालाशी सहमत आहे’, ‘असहमत आहे’ किंवा ‘पुढील फेरफारांसह सहमत आहे’, अशी त्या प्रस्तावाची रूपे असतात. अमेरिकेत हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी १८७६ साली सभानियमांची जी प्रसिद्ध संहिता प्रकाशित केली, तिच्या परंपरेतही हाच विवेक पाळलेला दिसतो: फेरफारांसह मान्य झालेला अहवाल छापताना समितीने काय लिहिले होते आणि सभेने काय बदलले हे दोन्ही वाचकाला स्वच्छ दिसले पाहिजे.

गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. समजा, इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसा कसा उभारावा हे सुचविण्यासाठी वार्षिक सभेने एक उपसमिती नेमली. तिने अहवालात लिहिले की पूर्वीच्या कार्यकारी मंडळाने हेळसांड केली, वर्गणी दुप्पट करावी, आणि रस्त्याकडील खोली दुकानाला भाड्याने द्यावी. सभेत कोणी उत्साहाने ‘अहवाल मान्य करावा’ असा प्रस्ताव मांडला आणि तो संमत झाला, तर केवळ वर्गणी आणि भाडे एवढ्यांनाच संमती मिळाली असे नाही. पूर्वीच्या मंडळाने हेळसांड केली हे विधानही आता सबंध सभेचे झाले. जाणता सभासद म्हणूनच ‘अहवालातील दुसरी शिफारस मान्य करावी’ असा नेमका प्रस्ताव आणतो. त्यावर दुसरा कोणी ‘दुप्पट याऐवजी दीडपट’ अशी उपसूचना मांडतो. मतदान प्रथम उपसूचनेवर आणि नंतर, ती संमत झाल्यास, बदललेल्या मूळ सूचनेवर. ही दुसरी पायरी आपल्या सभांत वारंवार विसरली जाते. उपसूचना संमत झाली म्हणजे विषय संपला, असे समजून सभा पुढच्या कामाकडे वळते, आणि वर्षभराने कोणी इतिवृत्त काढून पाहिले की मूळ सूचनेवर मत घेतलेच नव्हते असे निघते. काकासाहेब गाडगीळ यांना ‘सभाशास्त्र’ या विषयावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला, तो अशा सभांकडे पाहूनच असावा. ते स्वतः संविधान सभेचे सदस्य आणि केंद्रीय मंत्री होते.

संसदेच्या इतिहासात अहवालावरील प्रस्ताव दुरुस्त होण्याचा फार बोलका प्रसंग १९५१ सालचा आहे. मुंबईचे प्रतिनिधी एच. जी. मुद्गल यांच्यावर असा आरोप होता की, मुंबईतील सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन त्यांनी सभागृहात प्रश्न विचारले, दुरुस्त्या मांडल्या आणि मंत्र्यांच्या भेटी घडवून देण्याची खटपट केली. पंतप्रधान नेहरूंच्या प्रस्तावावरून ८ जून १९५१ रोजी तत्कालीन हंगामी संसदेने पाच सदस्यांची चौकशी समिती नेमली. टी. टी. कृष्णम्माचारी तिचे अध्यक्ष होते. सय्यद नौशेर अली, के. टी. शहा, श्रीमती दुर्गाबाई आणि हैदराबादचे मराठी नेते काशिनाथराव वैद्य हे अन्य सदस्य. मुद्गल यांना वकील देण्याची व साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची मुभा समितीने दिली. त्यांचे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे आहे, असा निष्कर्ष समितीने काढला.

हा अहवाल सप्टेंबर १९५१ मध्ये चर्चेला आला. समितीचा निष्कर्ष मान्य करावा आणि मुद्गल यांना सभागृहातून काढून टाकावे, असा प्रस्ताव पंतप्रधानांनी मांडला. मुद्गल यांना आपली बाजू मांडू देण्यात आली; पण भाषण संपताच त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा उपाध्यक्षांच्या हाती दिला. आता पेच असा की, ज्याने आसन सोडले आहे त्याला आसनावरून काढणार कसे? समितीचा अहवाल तर याविषयी काहीच सांगत नव्हता, सांगू शकतही नव्हता, कारण ती घटनाच त्यानंतर घडलेली. सभागृहाने अहवालाला हात लावला नाही. प्रस्ताव मात्र बदलला. संमत झालेल्या रूपात सभागृहाने समितीचा निष्कर्ष मान्य केला, मुद्गल हे काढून टाकण्यासच पात्र होते असे नमूद केले, आणि राजीनामापत्रातील मजकुराने सभागृहाचा अवमान होऊन मूळ अपराध अधिकच गंभीर झाला असे पुढे जोडले. समितीचा निष्कर्ष कोठे संपतो आणि सभागृहाचा स्वतःचा शब्द कोठे सुरू होतो, ही सीमारेषा त्या एका ठरावात जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

अहवाल मान्य वा अमान्य करण्याखेरीज सभागृहापुढे तिसरा मार्गही असतो: तो समितीकडे परत पाठविण्याचा. लोकसभेत कामकाज सल्लागार समितीच्या साध्या वेळापत्रकविषयक अहवालावरही अशी उपसूचना मांडता येते. सबंध अहवाल परत पाठवावा किंवा विशिष्ट मुद्द्यापुरता पाठवावा, असे तिचे दोन प्रकार आहेत. एरवी नीरस वाटणाऱ्या या तरतुदीचे महत्त्व संविधान सभेत दिसून आले. वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने मूलभूत हक्कांविषयीचा आपला अंतरिम अहवाल एप्रिल १९४७ च्या अखेरीस सभेपुढे ठेवला. त्यावरील चर्चा खंडागणिक झाली आणि येथे प्रत्येक खंडाला प्रत्यक्ष दुरुस्त्या मांडल्या गेल्या, कारण हे खंडच पुढे संविधानाचा आधार व्हायचे होते. अस्पृश्यता नष्ट करणारा खंड या चर्चेतच संमत झाला. सतराव्या खंडाशी मात्र गाडी अडली. बळजबरीने किंवा अनुचित दडपणाने घडविलेले धर्मांतर कायद्याने मानले जाऊ नये, असा त्याचा आशय होता. कन्हैयालाल मुनशी यांनी त्यात अज्ञान बालकांच्या धर्मांतराचीही भर घालण्याची दुरुस्ती सुचविली. १ मे १९४७ रोजी त्यावर जोराचा वाद झाला. आईबापांनी धर्म बदलला तर मुलांचे काय, अनाथ मुलांचे काय, हे प्रश्न समित्यांच्या बैठकींत पूर्वीच चर्चिले गेले होते आणि त्यांची सोपी उत्तरे सापडली नव्हती, याकडे डॉ. आंबेडकरांनी लक्ष वेधले.

सभेने दुरुस्ती संमत केली नाही, नाकारलीही नाही. सबंध खंड सल्लागार समितीकडे परत धाडला. समितीने चार महिन्यांनी, ऑगस्ट १९४७ मध्ये, पूरक अहवालात कळविले की हा खंड एक उघड तत्त्वच सांगतो, ते संविधानात लिहिण्याची गरज नाही, सबब तो अजिबात गाळावा. सभेने तसे केले. मधल्या काळात देशाची फाळणी झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे १ मे रोजीच मत घेतले असते तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परत पाठविणे हे पुष्कळांना टाळाटाळीचे साधन वाटते, आणि तसा उपयोगही होतो. पण घाईत घातलेली भर संविधानात कायमची राहण्यापेक्षा चार महिन्यांचा विलंब परवडतो.

विधेयकांची गोष्ट आणखी निराळी. विधेयक प्रवर किंवा संयुक्त समितीकडे गेले असता समिती नुसती शिफारस करून थांबत नाही. ती विधेयकाचा मसुदाच दुरुस्त करून परत पाठविते. मग सभागृहापुढे ‘समितीने कळविलेल्या स्वरूपातील विधेयक विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव येतो. तो संमत झाला की समितीने केलेला प्रत्येक बदल वेगवेगळा मान्य करण्याचे कारण उरत नाही. समितीचा मसुदा हाच यापुढे सभागृहाचा आधारभूत मसुदा होतो आणि दुरुस्त्या त्यालाच सुचवाव्या लागतात. ज्याला मूळ विधेयकातील शब्द परत हवे असतील त्यालाही तशी दुरुस्ती आणावी लागते. विधेयक त्याच किंवा नव्या समितीकडे पुन्हा सोपविण्याची तरतूद येथेही आहे. खंडागणिक विचार होतो तेव्हा पहिला खंड आणि विधेयकाचे नाव शेवटी घेतात. लोकसभेचा ८०वा नियम दुरुस्त्यांना काही मर्यादा घालतो: दुरुस्ती विधेयकाच्या कक्षेत बसली पाहिजे, संबंधित खंडाच्या विषयाला धरून असली पाहिजे, त्याच प्रश्नावर सभागृहाने आधी घेतलेल्या निर्णयाशी विसंगत नसली पाहिजे, आणि तिच्यामुळे खंड निरर्थक वा व्याकरणदृष्ट्या सदोष होता कामा नये.

‘कक्षेत’ या शब्दाचा कस मराठी माणसाच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर लागला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी आपला अहवाल दिला. विदर्भाचे निराळे राज्य करावे आणि उरलेल्या मराठी मुलखाचे गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य करावे, असे त्यात होते. हा आयोग सरकारने नेमलेला होता. संसदेची समिती नव्हे. त्यामुळे डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेने त्या अहवालावर चर्चा केली, तरी तो फेरफारांसह मान्य करण्याची वेळ कधी आलीच नाही. सरकारने स्वतःचा निर्णय निराळा केला. १८ एप्रिल १९५६ रोजी मांडलेल्या राज्य पुनर्रचना विधेयकाच्या ८, ९ व १० या खंडांत तीन घटक योजले होते: केंद्रशासित मुंबई, मराठवाडा व विदर्भ यांसह महाराष्ट्र, आणि सौराष्ट्र व कच्छ यांसह गुजरात. मुंबई महाराष्ट्राबाहेर राहणार या वार्तेने जानेवारीतच मुंबईत रक्त सांडले होते.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. १६ जुलै १९५६ रोजी समितीचा अहवाल आला तेव्हाही केंद्रशासित मुंबई कायम होती. त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाब्याचे प्रतिनिधी आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर मंत्रिपद सोडले. आणि मग, समितीचे काम पुरे झाल्यानंतर, थेट लोकसभेतील खंडवार चर्चेच्या टप्प्यावर तीन घटकांची योजनाच बाजूला सारून त्यांचे एक विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य करणारी दुरुस्ती आली व संमत झाली. ८ ऑगस्टला अहमदाबादेत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तो या निर्णयाच्या विरोधातील निदर्शनांत. म्हणजे ज्या तोडग्याने महाराष्ट्र समाधान पावला नाही त्याने गुजरातही भडकला. ३१ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळून १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले.

येथे कार्यपद्धतीचा मूलभूत प्रश्न उभा राहतो. समितीने ज्याचा शब्दही मसुद्यात घातला नाही अशी दुरुस्ती सभागृहाला करता येते काय? आणि संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या सीमा बदलणारे विधेयक मांडण्यापूर्वी राष्ट्रपतींनी त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवायचे असते. मुंबई विधिमंडळाने मत दिले ते तीन घटकांच्या योजनेवर. मग एका राज्याच्या योजनेवर पुन्हा मत घ्यायला नको काय? बाबूलाल पराते यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हाच प्रश्न नेला. तेथे अर्ज फेटाळला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ रोजी तोच निर्णय कायम केला. विधिमंडळाकडे प्रस्ताव एकदा गेला म्हणजे पुरे. संसदेच्या कार्यपद्धतीला अनुसरून संमत होणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीगणिक पुन्हा मत मागविण्याचे बंधन संविधानात नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

या निर्णयाचा तार्किक भाग नाकारता येत नाही. प्रत्येक दुरुस्तीला नवे विधेयक समजून सारे काम पहिल्यापासून करायचे ठरले तर कोणतेही विधेयक कधीच पुरे होणार नाही, आणि विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारक नसल्याने त्याची पुनरावृत्तीही निष्फळच. तरी एक गोष्ट खटकते. तीन राज्यांऐवजी एक राज्य हा शब्दांतला फेरफार नव्हता. समितीत मांडली गेली नाही, साक्षीपुराव्याने पारखली गेली नाही, भिन्नमतपत्रिकांतून जिची उलटसुलट छाननी झाली नाही अशी ती एक नवी योजनाच होती. सभागृहाच्या अधिकाराविषयी शंका नाही. पण समितीच्या टप्प्याचे जे मोल आपण वर पाहिले ते या प्रसंगी वाया गेले, आणि साडेतीन वर्षांतच ती योजना मोडून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये करावी लागली. याच कायद्याच्या सातव्या कलमाने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा, तसेच विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. त्याविषयीचा वाद द्वैभाषिकाबरोबर संपला नाही. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. एका राज्याने तो अंतिम मानला, दुसऱ्याने अमान्य केला, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आयोगाचा अहवाल सर्वांवर बांधणारा करण्याची स्वयंचलित यंत्रणा नसते, याचे याहून ठळक उदाहरण मराठी वाचकाला सांगावे लागणार नाही.

काही अहवाल मान्यतेसाठी येतच नाहीत. लोकलेखा समितीच्या अहवालांवर सभागृहात चर्चा न करण्याची प्रथा आहे. सरकारने सहा महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर काय केले ते कळवावे आणि समितीने त्या उत्तरांवर पुन्हा अहवाल द्यावा, असा क्रम चालतो. १९९३ साली सुरू झालेल्या खातेनिहाय स्थायी समित्यांचे अहवाल नियमानुसार विचारपूर्वक दिलेला सल्ला मानले जातात.

ज्या अहवालांवर माणसाचे सदस्यत्व अवलंबून असते तेथे मात्र प्रत्येक पायरीला, विशेषतः वेळेला, निराळेच वजन येते. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणी पवनकुमार बन्सल यांच्या समितीचा अहवाल लोकसभेत आला तेव्हा समितीतील एक सदस्य विजयकुमार मल्होत्रा यांनी आपले भिन्नमत नोंदविले होते. प्रकरण विशेषाधिकार समितीकडे सोपवावे, ही त्यांची दुरुस्ती आवाजी मतदानाने फेटाळली गेली आणि दहा सदस्यांना २३ डिसेंबर रोजी काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये सभागृहाचा हा अधिकार मान्य केला. २०२३ साली नीतिविषयक समितीने सहा विरुद्ध चार मतांनी संमत केलेला अहवाल ८ डिसेंबरला लोकसभेत दाखल झाला आणि त्याच दिवशी त्यावर चर्चा होऊन पश्चिम बंगालमधील एका सदस्येचे सदस्यत्व गेले. अहवाल वाचण्यास अवधी द्यावा ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही, आणि संबंधित सदस्येला सभागृहात बोलूही देण्यात आले नाही. २००५ सालचा पायंडा त्यासाठी दाखविण्यात आला. १९५१ साली मुद्गल यांना मिळालेली संधी त्याहूनही जुन्या पायंड्याची होती. नियमांच्या पुस्तकात दोन्हींना जागा आहे, म्हणूनच कोणता पायंडा पुढे न्यायचा हे दर वेळी सभागृहालाच ठरवावे लागते.

आणि एकदा मान्य झालेला अहवाल पुन्हा अमान्य करता येतो काय? येतो, पण अहवाल पुसून नव्हे, नवा ठराव करून. सहाव्या लोकसभेच्या विशेषाधिकार समितीने श्रीमती इंदिरा गांधी यांना दोषी ठरविले, शिक्षा मात्र सभागृहावर सोपविली. १९ डिसेंबर १९७८ रोजी सभागृहाने समितीचे निष्कर्ष मान्य करून त्यांना सदस्यत्वावरून दूर केले आणि अधिवेशन संस्थगित होईपर्यंत तुरुंगात धाडले. पुढची लोकसभा नव्या बहुमताने आली. ७ मे १९८१ रोजी तिने ठराव करून पूर्वीचा ठराव रद्द केला. समितीचा अहवाल मात्र संसदेच्या ग्रंथालयात जसाच्या तसा आहे, आणि त्याच्याशेजारी त्याला मान्य करणारा व नंतर ती मान्यता काढून घेणारा, असे दोन्ही ठराव छापील कामकाजात वाचता येतात.